कडू तेल प्यालेला दांडा

भक्तहो, श्रीविश्वंभर महाराज कुसुंबखोल गावी चार वर्षे राहिले, हे त्या गावाचे केवढे भाग्य! खाडीकाठच्या देवळाच्या पडवीत त्यांचे आसन असे. जवळच आवडाई तेलिणीचे खोपट होते. उंडीच्या बियांचे कडू तेल काढायचे, त्यात बिब्बा कढवायचा आणि ते ग्रामदेवीच्या पालखीच्या दांड्याला चोळायचे, ही तिची सेवा. मूल ना बाळ; त्या दांड्यालाच तिने लेकरासारखे न्हाऊमाखू घातले होते. त्याला कधी वाळवी शिवली नाही की भुंगा लागला नाही.

पण गावचे दाजीबा खोत पडले हौशी. एका शिमग्यानंतर त्यांनी शहरातून चकचकीत रोगणाचा नवा दांडा आणवला आणि जुना उकिरड्यावर टाकला.

"आवडाई, तुझ्या तेलाच्या वासानं देवीला शिंका येत असतील गो! नव्या दांड्याला हात लावशील तर खबरदार!"

लोक खो खो हसले. सेवाच गेली, आता जगायचे कशासाठी? आवडाई रडत महाराजांपाशी आली.

महाराज म्हणाले, "अगं वेडे, सेवा काय खोतांनी दिली होती, म्हणून ते काढून घेतील? जुना दांडा घरी ने आणि तेल चुकवू नकोस."

चार गड्यांच्या हातापाया पडून तिने दांडा घरी आणवला आणि वर्षभर तेल एकदाही चुकवले नाही. टाकलेल्या लाकडाला तेल पाजणारी बाई! म्हातारीला वेड लागले, असेच गाव म्हणू लागले.

पुन्हा शिमगा आला. पालखी एकदा खांद्यावर चढली की सहाणेच्या चौथऱ्यावर पोचेपर्यंत भुईला टेकता कामा नये, हा गावाचा दंडक. पुढचा खांदा खुद्द खोतांचा. ढोल घुमले, पालखी देवळापुढे रंगात येऊन नाचू लागली आणि अचानक काडकन आवाज झाला! दांड्याचे दोन तुकडे झाले आणि आतून पीठच पीठ सांडले. वर रोगण झळकत होते, आत भुंग्याने सगळे पोखरून ठेवले होते.

खोतांनी गच्च डोळे मिटले. उघडून पाहतात तो पालखी अधांतरी उभी! पडवीत महाराजांनी नुसता हात वर केला होता.

"आई, जरा दम धर," महाराज देवीला म्हणाले. "आवडा येते आहे."

आवडाई त्या वेळी दारात दांड्याला तेलच लावत होती. आरडाओरडा ऐकून, दोघा गड्यांना न पेलणारा तो दांडा तिने एकटीने उचलला आणि तेलाच्या हातांनीच धावत आणला. कड्यांतून दांडा सरकला, गड्यांनी खांदा दिला, तेव्हा कुठे पालखी अलगद त्यावर टेकली. मग ती अशी नाचली की बघणाऱ्यांचे पाय जागेवर राहिनात.

सहाणेपाशी खोतांनी मागोमाग आलेल्या महाराजांचे पाय धरले. महाराजांनी हसून पाय मागे घेतले.

"खोत, दार चुकलात. पलीकडे जा."

खोत वळले आणि सगळ्या गावादेखत त्यांनी आवडाईच्या पायांवर डोके ठेवले.

"अवो दाजी, उठा, उठा!" म्हणत तिने लाजून त्यांचे कपाळ दोन्ही हातांनी वर उचलले. बिब्ब्याचा काळा पंजा कपाळावर उमटला. खोतीणबाई पदर घेऊन पुसायला धावल्या.

खोतांनी त्यांचा हात धरला. स्वतः खोतांचे डोळे वाहत होते.

"राहू दे गो," ते म्हणाले. "खरा भुंगा माझ्यात होता. मुरू दे जरा तेल."