राणीचा घट्ट खोपा

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आणि गळ्याशपथ सांगतो, अक्षर न् अक्षर खरी. आता यात एक बुलबुल बोलतो, तेवढं सोडून द्या. म्हणजे सोडू नका, तोच तर सगळ्यात खरा आहे.

डोंगरापलीकडच्या एका राज्यात रीत होती. सुगीच्या सणाला राणीने नव्या धान्याचा कलश डोक्यावर घेऊन देवळापर्यंत चालायचं. कलश टेकवायचा तो थेट खोप्यावर, चुंबळबिंबळ काही नाही. खोपा जितका घट्ट, तितकी बाई मानाची. त्यामुळे तिथल्या बायका केस असे आवळत, की भुवया कपाळावर चढत आणि सगळ्याजणी कायम दचकल्यासारख्या दिसत.

नवी राणी लग्न होऊन आली, तेव्हा राजमातेने पहिल्याच दिवशी दासीला बजावलं, "आवळ अजून! सूनबाईंना डोळे मिटता येतायत अजून!"

काही वर्षांनी राणीला आरशात कानशिलापाशी केस विरळ दिसले. ती घाबरली. कुणाला बोलली मात्र नाही. मागचे केस पुढे ओढून तिने ती जागा झाकली, गंगावनाचे खोटे केस गुंफले आणि खोपा आणखी घट्ट बांधला. केस आणखी गळाले. तिने आणखी घट्ट बांधला. माका झाला, जास्वंद झाली. कांद्याच्या रसाने तर शेजारी बसलेल्या राजाला भर दरबारात रडू येई.

एके सकाळी खिडकीत एक बुलबुल येऊन बसला. स्वतःच्या तुऱ्याचा त्याला भारी गर्व.

"राणीसाहेब, यंदा आमच्या घरट्याला अस्तर तुमच्याच केसांचं बरं का. पिल्लं खूश आहेत."

"चोंबड्या, उडतोस की मारू फणी?"

"उडतो. पण हे केस तुटलेले नाहीत. टोकाला पांढरी गाठ बघा, मुळासकट निघालेत. कोण उपटतंय तुम्हाला?"

राणीचा हात डोक्याकडे गेला. खोपा सोडला की डोकं ठणकायचं. ती समजत होती, मानाच्या बाईचं डोकं असंच दुखत असावं.

पदर पुढे ओढून ती वैद्यबाईंकडे गेली. "माझ्या एका मैत्रिणीचे केस गळतात हो."

"मग मैत्रिणीने पदर मागे घ्यावा," वैद्यबाई म्हणाल्या.

त्यांनी डोकं उजेडात धरलं. ताप आला होता का, बाळंतपण झालं का, जेवण नीट आहे का, आईचे केस कसे होते, सगळं विचारलं.

"केस गळायला कारणं पुष्कळ असतात, पोरी. म्हणून आधी बघावं लागतं. कुणाचे आजारपणानंतर जातात, कुणाचे घराण्यातूनच विरळ. तुझे मात्र तू स्वतः ओढून काढतेयस."

"मग औषध द्या ना!"

"लेप देते. पण आधी खोपा सोड. आवळलेल्या केसांवर माझं औषध चालत नाही."

"अहो, सण तोंडावर आलाय! लोक काय म्हणतील?"

"सण पुढल्या वर्षी परत येईल. केसांचं मूळ एकदा मेलं, की ते परत यायचं नाही."

सणाच्या दिवशी राणी सैल वेणी घालून, कलश कडेवर घेऊन निघाली. विरळ कानशिलं उन्हात उघडी. गर्दी माना उंचावून बघू लागली. राजमाता तरातरा पुढे आल्या. राणीने कलश सावरला.

राजमातेने त्या कानशिलांवरून बोट फिरवलं. मग स्वतःचा खोपा उतरवला. तो सबंधच हातात आला. नुसतं गंगावन!

"मला सासूबाई म्हणाल्या, घट्ट बांध. मी तुला म्हणाले," त्या पुटपुटल्या. "वैद्यबाईंचं घर कुठे गं?"

त्या दिवसापासून त्या राज्यात खोपे सैल झाले आणि भुवया जागेवर आल्या. लेप लावून, धीर धरून राणीचे केस पूर्वीसारखे दाट झाले.

आता कबूल करतो. बुलबुल बोलला, ते खरंच. खोटं रचलं ते एवढंच शेवटचं वाक्य. राणीचे बरेच केस परत आले, पण कानशिलापाशी बोटभर जागा तशीच राहिली. राजमातेचे तर मुळीच आले नाहीत.

तात्पर्य: दुखणं झाकण्यात गेलेला वेळ कुठलंही औषध परत आणू शकत नाही, म्हणून ते वेळीच जाणत्याला दाखवावं.