खाडीवरचा दोर

फार पूर्वी, उत्तरेकडे चालत गेल्यावर जिथे झाडे संपतात आणि नुसते पांढरेच उरते, तिथे गोठलेल्या खाडीच्या काठी एक वस्ती होती. हिवाळ्यात वस्तीचे पोट खाडीवर चाले. बर्फाला भोके पाडायची, त्यांतून जाळी सोडायची आणि मासे ओढून काढायचे. ही भोके काठापासून दोन हजार पावलांवर होती.

त्या मुलखात हवेचा भरवसा नव्हता. सकाळी लख्ख ऊन, आणि चुलीवरची पेज उकळेपर्यंत असे हिमवादळ, की आपला हात आपल्याला दिसू नये. म्हणून वाडवडिलांनी एक रीत घालून दिली होती. शेवटच्या घरापासून भोकांपर्यंत वीस-वीस पावलांवर खांब रोवलेले होते आणि त्यांवरून कमरेच्या उंचीला एक जाड दोर ताणलेला होता. वादळ आले की हातातले टाकायचे, दोर धरायचा आणि डोळे मिटून घरी यायचे.

दोराची राखण एका बाईकडे होती. तिला सगळे दोरवाली म्हणत. उजाडताच ती काठी घेऊन निघे, दोरावरचा बर्फ झटके, एकेक गाठ चाचपून बघे. वादळाचा वास आला की शिंग फुंके. तिची एकुलती एक मुलगी जाळ्यावर काम करी.

त्या वर्षी चाळीस दिवस वादळच आले नाही. दोरवालीचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. दिवसातून दहादा ती दाराबाहेर येई, नाक वर करून वारा हुंगे आणि परत आत जाई. दोनदा तिने शिंग फुंकून माणसे परत बोलावली. दोन्ही वेळा ढग तसेच निघून गेले. वस्तीत हशा पिकला.

एके सकाळी खाडीत माशांचा मोठा घोळका शिरला. महिनाभर वस्ती जेवेल एवढा. पण त्याला मोठे जाळे हवे, आणि ते बर्फाखालून ओढायला लांब, मजबूत दोर हवा. वस्तीच्या पुढाऱ्याने सगळ्यांना जमवले.

“खाडीवरचा दोर काढू,” तो म्हणाला. “फक्त आजच्या दुपारपुरता.”

“त्या दोराला दुसरं काम नाही,” दोरवाली म्हणाली.

“अगं बाई, आकाश तरी बघ. धुऊन वाळत घातल्यासारखं आहे.”

“ते बघूनच भीती वाटतेय. कुत्री कालपासून शेपटीत नाक खुपसून बसलीत. धूर वर जात नाही, छपरावरून खाली लोळतोय. आणि भर हिवाळ्यात ही ऊब कसली?”

जाळेवाल्यांत एक थट्टेखोर होता. तो म्हणाला, “मावशी, त्या दोराशी लग्न लागलंय का तुमचं? एक दिवस तरी सोडा की बिचाऱ्याला बाहेर!”

सगळे हसले. दोरवालीलाही हसू आले. तो होताच तसा.

मग पुढाऱ्याने हात वर करायला सांगितले. एकेक करत सगळे हात वर गेले. त्यांत दोरवालीच्या मुलीचाही होता.

“आई, एकच दुपार,” ती हळूच म्हणाली. “महिन्याचं अन्न आहे गं.”

“आणि वादळाला किती दुपारी लागतात, पोरी?”

पण ठरायचे ते ठरले होते. दोर सुटला. एकोणीस जण जाळे घेऊन खाडीवर गेले. लाल रुमाल बांधलेली मुलगी त्यांत होती. पुढारी देखरेखीसाठी काठावर, शेकोटीपाशी बसला. देखरेख करणाऱ्यांना काठच आवडतो. तेव्हाही तसेच होते.

दोरवाली घरी आली. आता ती दार लावून बसली असती, तर तिला कुणी बोल लावला नसता. सांगायचे ते तिने सांगितले होते. ती चुलीपाशी बसली, उठली, पुन्हा बसली. मग तिची नजर वर गेली. तिथे कपडे वाळत घालायची दोरी होती. तिने ती सोडली आणि शेजारच्या घरात शिरली.

“दोरी दे.”

“कुठली?”

“असेल ती.”

कुणी पाळण्याची दिली, कुणी कुत्र्यांच्या गाडीचे पट्टे दिले, कुणी घोंगड्या फाडल्या. पुढाऱ्याच्या बायकोने अख्खी खाट उसवली. “ह्यांना सांगू नका,” ती म्हणाली. “पाठ टेकायला गेले की कळेलच.”

घरी राहिलेल्या बाया गाठी मारत होत्या आणि दोरवाली खांबामागून खांब पुढे जात होती. सतराशे पावलांवर दोरी संपली. भोके अजून तीनशे पावले पुढे होती. समोर मुलीचा लाल रुमाल स्पष्ट दिसत होता.

तेवढ्यात वारा पडला. अगदीच पडला.

दोरवालीने शिंग फुंकले. बर्फावर माणसांनी माना वर केल्या.

“आल्या मावशी तिसऱ्यांदा!” थट्टेखोर ओरडला. “चला तुम्ही, मी हे जाळ्याचं टोक ओढून आलोच.” तो सर्वांत दूरच्या भोकापाशी होता.

पुढच्या क्षणी लाल रुमाल दिसेनासा झाला. खांब दिसेनात, पाय दिसेनात. थंडी अशी कोसळली, की ज्या दोराने जाळे ओढत होते, तो भोकांतच थिजून लोखंडासारखा झाला. माणसांनी हिसके दिले. तो तसूभरही हलला नाही. ज्याच्या आधाराने घरी जायचे, तोच त्यांच्या पायांखाली गोठून पडला होता.

दोरवालीने दोरीचे टोक कमरेला बांधले आणि ती फुंकत राहिली. शिंग ओठांना चिकटले, कातडे निघाले, तरी फुंकत राहिली. खूप वेळाने तिच्या खांद्यावर एक हात पडला. तो तिच्या मुलीचा होता. मुलीच्या मागे एकमेकांचे कमरपट्टे धरून बाकीचे होते. प्रत्येकाचा हात तिने दोरीवर ठेवला आणि हात मोजले. अठरा.

ती आणखी बराच वेळ फुंकत होती. एकोणिसावा हात आला नाही.

दुसऱ्या दिवशी आकाश पुन्हा स्वच्छ होते. पुढाऱ्याने सभा घेतली.

“मासे मिळाले नाहीत, पण निर्णय सगळ्यांचा होता,” तो म्हणाला. “आणि आनंदाची गोष्ट ही, की जवळजवळ सगळे सुखरूप परतले.”

जवळजवळ! एका जिवंत, हसऱ्या माणसाला त्याने त्या एका शब्दात पुरले, आणि वर माती लोटायलाही वाकला नाही.

दोरवालीचे ओठ फाटलेले होते; तिला बोलता येत नव्हते. तिची मुलगी उठली.

“माझाही हात वर होता,” ती म्हणाली. “म्हणून आज सकाळी मी डोळे बांधून, दोरी धरून चालून आले. आता तुमची पाळी, पुढारी.”

तिने आपला लाल रुमाल त्याच्या डोळ्यांवर बांधला आणि त्याचा हात पहिल्या खांबावर ठेवला. सगळी वस्ती मागे चालू लागली. पुढारी आधी ऐटीत निघाला. पाळण्याची दोरी संपली, पट्टे लागले, घोंगडीच्या गाठी लागल्या, त्याच्याच खाटेची दोरी लागली. सतराशे पावलांवर त्याचा हात पुढे गेला, आणि पुढे काहीच नव्हते.

त्याने डावीकडे चाचपले, उजवीकडे चाचपले. मग त्याने शेवटचा खांब घट्ट धरला.

“चला की पुढं,” मुलगी म्हणाली. “आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं आहे.”

भर उन्हात, सगळ्या वस्तीदेखत, पुढाऱ्याला एक पाऊल टाकवले नाही. कुणी हसले नाही. यावर हसवणारा एकच होता, आणि तो खाडीत राहिला होता.

मग वस्तीने नवा दोर वळला. पण सतराशे पावलांची ती गाठींची दोरी त्यांनी जपून ठेवली. स्वच्छ दिवशी कुणी दोर मागितला, की त्याचे डोळे बांधून त्याला आधी ती धरून चालवतात, आणि ती संपते तिथे विचारतात, “हं, बोला. काढायचा का दोर?”

तात्पर्य: जो स्वच्छ आकाश दाखवून लोकांच्या हातचा दोर काढायला निघतो, त्याला आधी त्या दोराशिवाय चालायला लावावे.