सोनघळचे ‘घर’

सोनघळच्या विहिरीजवळ, पिंपळाखाली, एक लांब काळवंडलेले सागवानी लाकूड ठेवलेले आहे. धोंडे हलवायची, रुतलेल्या गाड्या उचलायची ती तरफ. पण गावात तिला तरफ कोणी म्हणत नाही. ‘घर’ म्हणतात. पाहुणे बुचकळ्यात पडले की म्हातारे अंबूनाना त्यांना पारावर बसवून राहीची हकीकत सांगतात.

राही विधवा होती. नवऱ्यामागे कितीतरी वर्षे ती भावाच्या गोठ्यात राहिली आणि लोकांची दळणे दळत तिने स्वतःच्या घराच्या भिंती उभ्या केल्या. छप्पर तोलणाऱ्या आढ्याचा सागाचा सोट तर तिने डोंगरातून बैलांमागे चालत स्वतः आणला, म्हणे. आढे चढले होते, वर गवताची शाकारणी तेवढी उरली होती.

त्याच सुमारास, वैशाखात, गावाची पहिली विहीर खोदली जात होती. एका सकाळी काठ ढासळला. भलीमोठी धोंड खाली आली आणि यल्लाप्पा वडार जिथे खणत होता त्या कपारीचे तोंडच बंद झाले. आत झरा फुटला होता. पाणी चढू लागले. पहारी वाकल्या, धोंड हलेना. लांब, भक्कम लाकूड हवे होते, आणि गावातली बाकी घरे बांबूच्या आढ्यांची. साऱ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या, पण बोलायला जीभ रेटेना.

राहीने आपल्या घराकडे पाहिले. तेवढ्यात कपारीतून यल्लाप्पाची हाक आली. तो परमुलखातला, तिच्या नात्याचा ना गोत्याचा.

“आढं काढा,” ती म्हणाली.

“राही, घर मोडेल गं तुझं,” पाटील कळवळले.

“मग घर न्या माझं! त्याचा जीव वाचवा आधी!”

आढे उतरले, धोंडीखाली गेले. दगडाचा टेकू देऊन सारा गाव दुसऱ्या टोकाला लोंबकळला, राहीसुद्धा. “घर दाबा! घर दाबा!” एकच आरोळी उठली. धोंड कलली आणि गळ्याएवढ्या पाण्यातून यल्लाप्पा बाहेर आला.

आढ्याला मात्र उभी चीर गेली होती. राही त्या चिरेवरून हात फिरवत बराच वेळ बसून राहिली. दुसऱ्या दिवशी यल्लाप्पा कुऱ्हाड घेऊन डोंगराकडे निघाला, तर त्याच्यामागे घराघरातला माणूस चालू लागला. जुने आढे गावाची तरफ म्हणून विहिरीपाशीच राहिले; पावसाआधी राही नव्या आढ्याखाली राहायला गेली आणि तिथेच सुखाने म्हातारी झाली, असे सांगतात.

आजही सोनघळमध्ये घर बांधताना आढ्याला प्रत्येक घरचा हात लागतो. चढवण्याआधी घरधनीण त्यावर तळवा ठेवते आणि जमलेल्यांना सांगते, “अडलं कुणाचं, तर घेऊन जा.” मगच आढे वर जाते.