दान दिलेला गेम

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, समुद्रकाठच्या एका लहान गावात एकदा एक वृद्ध टेनिस-शिक्षक राहत होते. पेंगली त्यांचे नाव. गावच्या बागेतल्या दोन जुन्या कोर्टांवर ते मुलांना शिकवत. बोलणे मोजके, आवाज कधी चढत नसे. त्यांच्या हाताखाली दोन मुली अशा घडल्या, की त्यांची नावे गावाबाहेर गेली.

वयाने मोठी टॅम्सिन आणि लहान मॉर्वेना, वेगवेगळ्या घरांतल्या. दोघींत सात-आठ वर्षांचे अंतर होते. मॉर्वेना पहिल्यांदा कोर्टावर आली तेव्हा तिच्या हाताला रॅकेट पेलत नव्हती. ती कशी धरायची हे पेंगलींच्या आधी टॅम्सिनने दाखवले होते. पुढे स्पर्धांना दोघी एकाच गाडीने जात, स्वस्तातल्या एकाच खोलीत उतरत. टॅम्सिन गॅसवर काहीतरी शिजवी आणि मॉर्वेना ताटली पुढे करून बसे. मात्र काळ दोघींना सारखा वागवत नव्हता. टॅम्सिनचा गुडघा दोनदा दुखावला आणि तिची क्रमवारी घसरत गेली. मॉर्वेनाची सर्व्हिस मात्र वर्षागणिक धारदार होत होती. एकोणिसाव्या वर्षी वर्तमानपत्रे तिला ब्रिटनची आशा म्हणू लागली, आणि लंडनच्या मोठ्या स्पर्धेच्या संयोजकांनी तिला पात्रता फेरीशिवाय थेट प्रवेश दिला.

टॅम्सिनला असे कोण काय देणार? ती पात्रता फेरीतून आली. शेवटचा सामना तर तिने गुडघ्याला पट्ट्या बांधून, लंगडत जिंकला. त्या संध्याकाळी मुख्य स्पर्धेच्या जोड्या जाहीर झाल्या, आणि पहिल्याच फेरीत मॉर्वेनासमोर टॅम्सिनचे नाव निघाले.

मॉर्वेना ते नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिली. टॅम्सिनने मात्र हसून तिला मिठी मारली. निदान आपल्यातली एक तरी दुसऱ्या फेरीत जाईल, असे म्हणाली. सामन्याच्या आदल्या दिवशी सराव आटोपल्यावर पेंगली मॉर्वेनाजवळ आले आणि म्हणाले, “उद्या सगळं पणाला लावून खेळ. एक गेमसुद्धा हातचा सोडू नकोस.”

मॉर्वेना चकित झाली. इतक्या वर्षांत त्यांनी कधी कुणाला चिरडायला सांगितले नव्हते. का, असे तिने विचारले. त्यांनी चेंडूंची टोपली उचलली आणि ते चालू लागले.

दुसऱ्या दिवशी ऊन लख्ख होते, हिरवळ कोरडी होती, आणि टॅम्सिनचा गुडघा पहिल्या काही मिनिटांतच बोलू लागला. डावीकडे टाकलेल्या चेंडूपर्यंत तिला पोहोचता येत नव्हते. मॉर्वेनाला हे ठाऊक होते आणि ती तिथेच मारत होती. पहिला सेट सहा-शून्य. दुसऱ्यातही तेच, पाच-शून्य. प्रेक्षकांत एक अवघडलेली शांतता पसरली. टॅम्सिनची आई पहिल्या रांगेत बसली होती. तिने तोंडावर रुमाल धरला होता आणि आता ती कोर्टाकडे बघतच नव्हती.

मॉर्वेना सर्व्हिसला उभी राहिली तेव्हा तिची नजर त्या रुमालाकडे गेली. तिने चेंडू उडवला आणि जाळ्यात मारला. दुसराही जाळ्यात. पुढच्या गुणाला चेंडू रेषेबाहेर गेला, त्यापुढचा हातभर लांब. शेवटी पुन्हा दोन सर्व्हिस जाळ्यात. गेम टॅम्सिनचा झाला. स्टेडियममध्ये टाळ्यांचा कडकडाट उठला, लोक उभे राहिले, आईने रुमाल खाली घेतला. टॅम्सिनने दोन्ही हात वर केले. तिचा चेहरा इतका उजळला होता की मॉर्वेनाला आपण योग्य तेच केले असे वाटले.

तिने पेंगलींकडे पाहिले. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत असताना त्यांनी आपली टोपी उचलली, शेजाऱ्याची क्षमा मागितली आणि ते निघून गेले. मॉर्वेनाने पुढचा गेम घेऊन आयुष्यातला सर्वांत मोठा विजय मिळवला तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती.

सरावाच्या कोर्टांमागच्या एका बाकावर ते तिला सापडले. ती रागातच होती. तुम्हाला माझा विजय बघवला नाही का, असे तिने विचारले. पेंगलींनी तिला शेजारी बसायला सांगितले.

“टॅम्सिनला एका शाळेनं बोलावलंय,” ते म्हणाले. “मुलांना खेळ शिकवायची चांगली नोकरी आहे. तिनं त्यांच्याकडून या स्पर्धेपुरती मुदत मागून घेतली होती. मला म्हणाली, मी अजून खेळू शकते की नाही हे मला तिथं कळेल. ती जिंकायला आली नव्हती, पोरी. ती विचारायला आली होती. अकरा गेम तू तिला खरं उत्तर दिलंस. बाराव्याला खोटं सांगितलंस, आणि माणूस सगळ्यात शेवटी ऐकलेलंच घरी घेऊन जातो.”

“मग मला आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू तिच्या नोकरीसाठी खेळली असतीस. तेही खोटंच झालं असतं.” थोडा वेळ ते हातातली टोपी फिरवत राहिले. “तुला तिचं दुःख बघवेना, म्हणून तू गेम सोडलास. तुझं मन हलकं झालं. ते ओझं आता ती उचलणार.”

मॉर्वेनाला हे बोल अतिशय कठोर वाटले. म्हातारपणाने माणूस कडवट होतो, असे मनाशी म्हणत ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेळाडूंच्या उपाहारगृहात टॅम्सिन तिच्यासमोर चहाचा कप घेऊन बसली. ती आनंदात होती. तुझी सर्व्हिस कशी येते ते शेवटी शेवटी मला कळायला लागलं होतं, असे ती म्हणाली. मग तिने सहजपणे सांगितले की शाळेला नकार कळवला आहे. अजून एक-दोन वर्षे नेटाने प्रयत्न करायचा. मॉर्वेनाने हातातला चमचा खाली ठेवला. काही बोलण्याची वेळ तीच होती. पण दुपारी तिचा दुसरा सामना होता. नंतर बोलू, असे तिने ठरवले.

तो सामना ती सपाटून हरली. तरी वर्तमानपत्रांनी तिचे कौतुकच केले. पहिल्या सामन्यात दिसलेल्या दोन मैत्रिणींच्या खिलाडूवृत्तीवर एकाने लेखसुद्धा लिहिला.

गावी परतल्यावर मॉर्वेना टॅम्सिनच्या घरी गेली. खाटेवर बॅग उघडी होती. टॅम्सिन पोर्तुगालमधल्या एका लहान स्पर्धेची तयारी करत होती. मॉर्वेनाने उभ्या उभ्याच सगळे सांगून टाकले. तो गेम मी सोडला होता. सर्व्हिस मुद्दाम जाळ्यात मारली. शाळेला अजून एकदा विचारून बघ.

टॅम्सिनने हातातला टॉवेल नीट घडी करून बॅगेत ठेवला. मग ती शांतपणे म्हणाली, “मी तुला रॅकेट धरायला शिकवलं. तू माझ्या पुढे गेलीस, मला आनंदच झाला. आणि आता एक गेमसुद्धा माझ्या नावावर राहू द्यायचा नाही तुला?”

मॉर्वेनाने शपथा घेतल्या, गुण आठवून सांगितले. टॅम्सिन ऐकत राहिली. शेवटी तिने दार उघडून धरले.

मॉर्वेना तशीच पेंगलींकडे गेली. ते कोर्टावर जाळे बांधत होते. तिने काय घडले ते सांगितले आणि विचारले, तिला कधी पटेल का?

“नाही,” पेंगली म्हणाले. “कोर्टावर खेळून सांगितलं असतंस तर ते सत्य होतं. आज ते मत्सरासारखं दिसतं.”

त्यांनी तिला दोष दिला नाही, की धीरही दिला नाही. जाळ्याचे दुसरे टोक तिच्या हातात दिले. दोघांनी मिळून ते ताणून बांधले.

पुढची कथा थोडी आहे. टॅम्सिन आणखी तीन वर्षे खेळली, परक्या गावांतल्या थंड हॉलमध्ये, बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत हरत. चौथ्या वर्षी गुडघ्याने कायमची रजा घेतली. शाळेने तोवर दुसऱ्या कुणाला नेमले होते. ती गावातल्या एका हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करू लागली. मॉर्वेना मात्र वर चढत गेली. तिने पुन्हा कुणालाही एक गुण दान दिला नाही. काही पत्रकार तिला निर्दय म्हणत. ती वाद घालत नसे.

एका हिवाळ्यात ती गावी आली असता बेकरीत तिची टॅम्सिनशी गाठ पडली. टॅम्सिनबरोबर हॉटेलातली एक नवी सहकारी होती. मॉर्वेनाला ओळखून ती गोंधळून गेली होती. टॅम्सिनने दोघींची ओळख करून दिली. आवाजात जुनी माया नव्हती, पण मान ताठ होती.

“लंडनला मी हिच्याशी खेळले आहे,” ती म्हणाली. “हिच्या सर्व्हिसवर एक गेम घेतला होता मी.”

आणि तिने मॉर्वेनाकडे पाहिले.

मॉर्वेनाच्या हातात गरम पाव होता. तिने तो दुसऱ्या हातात घेतला.

“हो,” ती म्हणाली. “घेतला होता.”

टॅम्सिनचा चेहरा क्षणभर सैल झाला. दोघी निघून गेल्या. मॉर्वेना काचेतून त्यांच्याकडे बघत राहिली. पहिल्या वेळी तिला वाटले होते, आपण काहीतरी देत आहोत. या वेळी तसे काही वाटले नाही. तिने पैसे दिले आणि ती रस्त्यावर आली.