हॅदरक्लफच्या स्टँडचे मुके ओठ

मंडळी, फोटो मागाहून काढा. आधी हा गोलामागचा स्टँड नीट बघून घ्या. वर पत्र्याचे छप्पर, खाली पायऱ्या, पुढे कमरेइतकी भिंत. दिसायला काही नाही, पण शनिवारी मॅच असली की इथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. आणि ही हॅदरक्लफची माणसे गातात. रेफ्रीच्या डोळ्यांवर गातात, समोरच्या टीमच्या पोटावर गातात, स्वतःची टीम हरत असली तर स्वतःवरही गातात. मी मूळचा कोल्हापूरचा. पेठापेठांतली फुटबॉलची भांडणे बघत वाढलो, सातासमुद्रापलीकडे इथल्या कापडगिरणीत कामाला आलो आणि इथलाच झालो. गर्दीची मला भीती नव्हती. तरी पहिल्याच मॅचला या स्टँडपुढे माझी बोबडी वळली. पाहुण्या टीमचा गोलकीपर या गोलाकडे चालत आला, तसा सगळा स्टँड एकदम गप्प झाला. मग त्या हजारो माणसांचे ओठ एकाच वेळी हलले. आवाज मात्र कुणाचाच नाही.

नवख्याला वाटते, शाप देताहेत. तसे नाही. त्यामागे एझ्रा होल्डनची गोष्ट आहे. मला ती गिरणीतल्या म्हाताऱ्या विणकरांनी सांगितली, त्यांना त्यांच्या आजोबांनी. खरीखोटी तुम्ही ठरवा, मी माझ्यापुरते केव्हाच ठरवले आहे.

एझ्रा विणकर होता. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून विणकर ओठांवरून बोलणे ओळखतात. तसे मुके बोलणे मीही पुष्कळ केले आहे. पण एझ्राचा आवाज म्हणे त्या खडखडाटातही ऐकू जायचा, म्हणून स्टँडात गाणे सुरू करायचा मान त्याचा. त्या भिंतीपाशी तो खोक्यावर उभा राही. त्याने टोपी काढली की गाणे सुरू, टोपी पुन्हा डोक्यावर घातली की बंद. तोवर कुणी थांबायचे नाही, मग घसा बसला तरी बेहत्तर. या शिस्तीचा स्टँडला भारी अभिमान होता.

एझ्राला एक धाकटा भाऊ, नेड. आईबाप लवकर गेले, तेव्हा एझ्रानेच त्याला लहानाचा मोठा केला आणि गोलात उभे राहायला शिकवले. नेड चांगला कीपर निघाला. पण त्याने टेकडीपलीकडच्या क्रॉशॉ गावातली मुलगी केली, तिकडेच राहायला गेला आणि क्रॉशॉकडून खेळू लागला. क्रॉशॉशी आमचे हाडवैर. एझ्राला ते इतके लागले की कुणी विचारले तर तो म्हणे, "मला भाऊ नाही."

मग एका हिवाळ्यात क्रॉशॉची टीम इथे खेळायला आली. नेड याच गोलात, आमच्याकडे पाठ करून उभा. एझ्राने टोपी काढली आणि प्रेतयात्रेच्या चालीवर नवे गाणे उचलले:

"नेड, जरा बघ मागे,
न्यायला आलो चौघे."

लोक हसले आणि गाऊ लागले. कीपरची टवाळी करायची ही इथली रीतच. नेडने मागे पाहिले नाही. पण त्याची मान आखडलेली एझ्राला दिसली आणि त्याचे मन चरकले, असे सांगतात. त्याने लगेच टोपी घातली. नेमके तेव्हाच टेकडीवरून धुके उतरले.

हाताचा पंजा दिसेना, तिथे टोपी कुणाला दिसणार? जवळचे चौघे-पाचजण थांबले. पण मागून गाणे येतच होते, तेव्हा त्यांना वाटले एझ्राने पुन्हा सुरू केले, आणि तेही गाऊ लागले. एझ्रा "बस, बस" म्हणून ओरडला. लोकांना वाटले तो गातोय, ते आणखी जोरात गाऊ लागले. खेळ पलीकडच्या टोकाला चालला होता. धुक्यात या गोलापाशी एकटा नेड होता आणि त्याच्या पाठीशी ते गाणे.

एझ्रा भिंत ओलांडून आत धावला. त्याला गोलाच्या रेषेवर नेड उताणा पडलेला सापडला. पाय जुळवलेले, हात छातीवर घडी घातलेले. पडलेला माणूस असा पडत नाही. कुणीतरी खांद्यावरून उतरवून अलगद ठेवावा, तसा तो होता. श्वास नव्हता. भोवतालच्या चिखलात, म्हणे, चार माणसांच्या पावलांचे ठसे होते.

एझ्राने गुडघे टेकले. "माझा आवाज घे, पण याला ठेव," एवढेच तो बोलला. कुणापाशी बोलला, कोण जाणे. तेवढ्यात स्टँडातले गाणे अर्ध्या शब्दावर तुटले. का थांबलो, ते त्यातल्या एकालाही पुढे कधी सांगता आले नाही. त्या शांततेत नेडने श्वास घेतला.

एझ्राचा आवाज त्या क्षणापासून गेला. नेड जगला, पण पुन्हा गोलात उभा राहिला नाही. भिंतीला पाठ टेकल्याशिवाय तो कुठे बसत नसे. एझ्रा दर शनिवारी मॅच सोडून टेकडी चढून त्याच्याकडे जाई. नेड विचारी, "थांबलं का रे, दादा?" एझ्रा ओठांनी सांगे, "थांबलं." मग नेडला जरा वेळ झोप लागे. खुद्द एझ्राला ते गाणे ऐकू येत होते का, हे त्याला कुणी विचारले नाही.

पुढे एझ्रा वारला. त्यानंतरच्या शनिवारी, भर मॅचमध्ये, म्हातारा नेड एकटाच मैदानात शिरला आणि स्टँडसमोर येऊन उभा राहिला. "थांबलं का रे?" त्याने विचारले. आवाज काढायची कुणाची हिंमत होईना. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका विणकराने ओठ हलवले, "थांबलं." मग शेजारच्याने, मग सगळ्या स्टँडने. नेडने हात वर केला आणि निघून गेला. त्या हिवाळ्यातच तो झोपेत गेला म्हणतात.

गिरण्या बंद पडल्या, विणकर संपले. पण आजही पाहुणा कीपर या गोलाकडे आला की स्टँड गप्प होतो आणि तो एकच शब्द ओठांनी सांगतो. बहुतेक कीपर हसून हात वर करतात, आणि मग आमची गाणी सुरू होतात. गेल्या हिवाळ्यात मात्र एक पोरगेलासा कीपर आला होता. धुके नुकते उतरू लागले होते. आम्ही सगळ्यांनी ओठ हलवले, पण त्याने हात वर केला नाही. तो भिंतीपर्यंत चालत आला, अगदी माझ्यासमोर, आणि हळूच म्हणाला, "काका, तुम्ही थांबलात. पण तुमच्या मागचे ते अजून गाताहेत."