लेखणी पहिली आली नाही

एक होतं जंगल. त्या जंगलात एका वर्षी शालान्त परीक्षेत लेखणी पहिली आली.

असं काही घडलेलं नाही. शिक्षण खात्याने तसं स्पष्ट केलं आहे, आणि खातं एखादी गोष्ट स्पष्ट करतं तेव्हा ती घडलेली नसतेच. तेव्हा ती कशी घडली नाही, तेवढंच आता सांगायचं.

जंगलात एक शाळा होती. दारावर पाटी होती: ‘सर्वांसाठी खुली’. सर्वांमध्ये वाघ, गवे, सांबरं आणि वानरं येत. पाटीबद्दल बाकीच्यांनी कधी तक्रार केली नाही, कारण त्यांना ती वाचता येत नव्हती.

साळिंदरं मात्र शाळेत होती. प्रत्येक वर्गात एक. कोपऱ्यात, पाण्याची घागर आणि झाडू यांच्या मधोमध. मुलांना लेखणी लागली की त्यांनी साळिंदराच्या पाठीवरून एक काटा उपटायचा, जांभळाच्या शाईत बुडवायचा आणि लिहायचं. टोक बोथट झालं की दुसरा. शाळेच्या साहित्याच्या वहीत रीतसर नोंद होती: घागरी दहा, झाडू दहा, घंटा एक, साळिंदरं दहा.

सगुणी ही त्यातली सातव्या क्रमांकाची. तिची आई स्वतः वीस वर्षं लेखणी होती. पहिल्या दिवशी तिने लेकीला नीट समजावलं.

“हे बघ सगुणे, उपटला की ‘आई गं’ म्हणायचं नाही.”

“का गं?”

“गुरुजींना वाटतं, पोर प्रश्न विचारतेय. मग चिडतात. आणि हसायचंही नाही. हसलं की काटे हलतात, मुलांचा नेम चुकतो.”

“आणि शिकवलेलं कळलं तर?”

“चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही.”

सगुणीला सगळं कळत गेलं. वर्ग पुढे सरकला की वर्गातलं साहित्यही पुढे सरके, त्यामुळे ती एकदाही नापास न होता दहावीत पोहोचली. त्रास एकच होता. तिच्या काट्याने कुणी चुकीचं लिहिलं की तो काटा जिथून उपटलेला असेल तिथे तिला खाज सुटे. युवराज शार्दूल गणित सोडवायला बसले की ती भिंतीला पाठ घाशीत बसे.

“ए लेखणे, गप बस ना!” युवराज गुरकावत. “माझं लक्ष जातंय.”

“सात आठे छप्पन्न, युवराज. चौपन्न नव्हे. भयंकर खाजतंय.”

“तुला काय करायचंय?” म्हणत युवराज चौपन्न खोडून छप्पन्न लिहीत. युवराज तसे वाईट नव्हते. वाघ होते, एवढंच.

त्या साली निवडणूक आली. विरोधी पक्षातली वटवाघळं, ज्यांना सरकारचं सगळंच उलटं दिसतं, ओरडू लागली की ह्या राज्यात साळिंदरं शिकत नाहीत. शिक्षणमंत्री तरसराव तडक शाळेत आले. तरसरावांना कोणताही अहवाल वाचला की हसू येई. म्हणूनच त्यांना हे खातं मिळालं होतं.

“काय हो गवा सर,” त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं, “साळिंदरं शाळेत येतात का?”

“येतात की साहेब. सगळ्यांच्या आधी.”

“बसतात?”

“कोपऱ्यात.”

“म्हणजे बसतात! गैरहजेरी?”

“साहित्य गैरहजर कसं राहील, साहेब?”

तरसराव इतके हसले की संध्याकाळच्या सभेपर्यंत हसतच होते. “बंधूंनो आणि भगिनींनो! मागच्या सरकारने साळिंदरांना काय दिलं? काटे! आम्ही दिली शाळा! आज साळिंदरांची हजेरी शंभर टक्के आहे. वाघांचीसुद्धा नाही! वन तिथे शाळा, शाळा तिथे साळ!” सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. साळिंदरांनीही टाळ्या वाजवल्या, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून.

इथवर सगळं ठीक होतं. पण खात्यात एक म्हातारा कासव कारकून होता, तो अजून नियम वाचत असे. नियमात होतं, ज्याची हजेरी पुरी त्याने परीक्षेला बसलंच पाहिजे. त्याने शाळेला पत्र धाडलं. गवा सरांनी ते वाचून कपाळाला खूर लावला.

“ही परीक्षेला बसली तर मुलं लिहिणार कशाने?” मग त्यांनीच तोड काढली. “असं कर सगुणे. तू लेखणी तर राहाच, आणि मधून मधून परीक्षाही देत जा.”

पहिल्या येणाऱ्याला नदीपलीकडच्या महाविद्यालयात जागा मिळायची. जागा एकच. तिथली इमारत गोल आहे, तिला कोपराच नाही, असं सगुणीने ऐकलं होतं. तेवढ्या एका माहितीवर तिने तीन महिने अभ्यास केला.

परीक्षेच्या दिवशी प्रश्न अवघड निघाले, त्यामुळे मुलं नुसत्या लेखण्याच बदलत राहिली. पहिल्या तासातच सगुणीच्या पाठीचं मैदान झालं. शेवटचा एक काटा उरला, तोही बरोबर पाठीच्या मध्यावर, जिथे तिचा स्वतःचा पंजा पोहोचत नव्हता.

“युवराज,” ती कुजबुजली, “तो मधला तेवढा उपटा आणि मला द्या.”

“तुला? तुला लेखणी कशाला?”

“लिहायला.”

“काय एकेक नवीनच!” युवराजांनी डोकं खाजवलं. “सहाव्याचं उत्तर सांगशील?”

“सांगते.”

युवराजांनी काटा उपटला आणि तिच्या हातात ठेवला. दहा वर्षांत पहिल्यांदाच सगुणी “आई गं!” म्हणाली. पर्यवेक्षक घोरपडबाईंनी वर पाहिलं आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. सगुणीने आधी युवराजांना सहाव्याचं उत्तर सांगितलं, मग मान खाली घालून लिहीत सुटली. त्या दिवशी तिला कुठेही खाजलं नाही.

निकालाच्या दिवशी शाळेच्या दारात युवराजांचा प्रचंड फलक लागला होता. ‘प्रथम आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. तो दरवर्षी कुणा ना कुणा वाघाचा आदल्या दिवशीच लागे. आणि गवा सरांनी यादी उघडून वाचलं: प्रथम क्रमांक, साहित्य क्रमांक सात.

तातडीची बैठक बसली.

“कोण पहिली?” तरसरावांनी विचारलं.

“लेखणी, साहेब.”

तरसराव हसले नाहीत, तेव्हा सगळे घाबरले. मग त्यांना सुचलं आणि ते हसले. “अहो, लेखणीने लिहिलं ह्यात नवल ते काय? लेखणी लिहितेच! तिला हात कुणाचा लागला, ते बोला.”

घोरपडबाईंनी वही काढून वाचलं, “दुसऱ्या तासाच्या सुमारास सदर काटा युवराजांनी स्वहस्ते उपटला.”

“संपलं! लेखन युवराजांचं.”

“पण मी तर तो तिला दिला होता,” युवराज म्हणाले.

“दिला होता! ऐकलंत?” तरसरावांनी युवराजांची पाठ थोपटली. “केवढं हे मोठं मन!”

अशा रीतीने युवराज पहिले आले. त्यांच्या खऱ्या उत्तरपत्रिकेचं काय झालं, हे शोधायला समिती नेमली. ती अजून चहा घेत आहे.

टकलू पाठीची सगुणी दारातच उभी होती. “साहेब, ती गोल इमारत...”

“अगं, तूही चाललीसच की बाळ!” तरसरावांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पहिल्यांदाच कुणाला टोचलं नाही. “युवराजांना तिथे लिहायला नको का?”

दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी झाडाझाडावरून पुकारा केला: ‘उच्च शिक्षणात साळिंदरांचा ऐतिहासिक प्रवेश!’ सगुणीच्या आईला वस्तीत नारळ देण्यात आला. तिने तो घेतला, आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

महाविद्यालयाची इमारत खरोखरच गोल होती. कोपरा कुठेही नव्हता. म्हणून सगुणीला मधोमध बसवलं, सगळ्यांचा हात पोहोचावा असं.

महिनाभराने शेपटीजवळ पहिला नवा काटा फुटला. तो कुणाच्या नजरेला पडायच्या आत सगुणीने स्वतःच उपटला आणि बसून अर्ज लिहिला.

‘मा. शिक्षणमंत्री यांस,

विषय: अर्जदाराचे नाव साहित्याच्या वहीतून वगळून विद्यार्थ्यांच्या हजेरीपटावर घेणेबाबत.

महोदय,

अर्जदार गेली दहा वर्षे वर्गात शंभर टक्के हजर असल्याचे आपण जाहीर सभेत मान्य केलेलेच आहे. तरी अर्जदाराची नोंद विद्यार्थी म्हणून करण्यात यावी. अर्ज नामंजूर करावयाचा झाल्यास त्याची कारणे लेखी कळवावीत, ही नम्र विनंती. लेखणी अर्जदाराकडून पुरवली जाईल.’