लाल रेघेवरचं नाव

"…मग खोटं कोण बोलतंय, अण्णा? मी, की हे यंत्र?"

अभिनंदन चौगुलेनं शाळेचा लॅपटॉप अण्णांच्या पुढ्यात सरकवला. मग ध्यानात आलं, तसा पुन्हा आपल्याकडं ओढून घेतला.

अण्णांना दिसत नाही.

दादासाहेब मगदूम, म्हणजे अण्णा, कृष्णेकाठच्या एका मुलींच्या अंधशाळेत तीस वर्षं शिकवत होते. शेवटची बारा वर्षं संगणक. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज कानाला लावून ते पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहीत. निवृत्त झाले तरी शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात. अडलेली माणसं अजून त्यांच्याकडं येतात.

अभिनंदन त्यांच्याच हाताखाली शिकलेला. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या पद्मावती चौगुल्यांचा मुलगा. आता बंगळूरला मोठ्या कंपनीत आहे आणि तिथं त्याला पाच माणसं 'सर' म्हणतात. इथं अजून कुणी म्हटलेलं नाही, हे त्याच्या लक्षात आलेलं आहे.

"पहिल्यापासून सांग," अण्णा म्हणाले.

उद्या सकाळी अकराला दहावीच्या सात मुलींचा गणिताचा सराव पेपर. शाळेचा जुना प्रोग्रॅम मराठी मजकुराचे ब्रेल ठिपके करून देतो, पण त्याला गणित येत नाही. वर्गमूळ आलं की अडतो. म्हणून दरवर्षी कुणीतरी शेजारी बसून गणित वाचून दाखवतं. दोनदा वाचतं, तिसऱ्यांदा कंटाळतं. मुलगी विचारायची थांबते आणि गणित तिथंच सुटतं.

अभिनंदननं रजा काढली आणि तीन दिवसांत नवा प्रोग्रॅम लिहिला. पेपर मुलींच्या बोटांखाली देतो, असा शब्द मुख्याध्यापिकाबाईंना देऊन बसला.

"आणि?"

"आणि चालत नाही. वरच्या सगळ्या ओळी लाल."

"कुठल्या ओळी?"

"इम्पोर्टच्या. दुसऱ्यांनी केलेली तयार कामं आपण नावानं बोलावतो ना, त्या. सहा नावं बोलावलीत. सहाच्या सहा नावांखाली, मी लिहितो त्या एडिटरनं लाल रेघ मारलीय. म्हणतंय, असलं काही नाही."

"मग तू काय केलंस?"

"ती सगळी कामं लॅपटॉपवर परत टाकली. तीनदा. टाकताना म्हणतं झालं, आणि उघडलं की म्हणतं नाही."

"मग?"

"मग…" अभिनंदन जरा घुटमळला. "रेघा बंद केल्या. तसं सांगता येतं एडिटरला, दाखवू नको म्हणून."

"चाललं मग?"

"नाही. नुसत्या दिसेनाशा झाल्या."

अण्णा हसले. "मला तर जन्मात कधी दिसल्या नाहीत. त्यानं प्रोग्रॅम चालत असते तर आणखी काय पाहिजे होतं?"

अभिनंदनला हसू आलं नाही. साडेतीन वाजून गेले होते. "एडिटरच भिकार आहे हा."

"नाचता येईना…" अण्णांनी म्हण अर्ध्यावर सोडली. "रेघा आधी चालू कर परत."

त्यानं केल्या.

"आता वाच."

"काय वाचू?"

"रेघेवर माऊस नेला की काहीतरी लिहून येतं ना? ते."

"तेच की अण्णा, मॉड्यूल नाही म्हणून…"

"हे तू सांगितलंस. वाचलं नाहीस."

अभिनंदननं माऊस रेघेवर नेला.

तो दहा वर्षांचा असताना शाळेतला संगणक नीट बोलत नव्हता. मराठी अक्षर आलं की मुका व्हायचा. तेव्हा आईचा स्वयंपाक उरकेपर्यंत तो अण्णांच्या शेजारी बाकावर बसायचा आणि पडदा वाचून दाखवायचा. एकेक अक्षर, एकेक कंस, चार रिकाम्या जागा असतील तर चार. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तो काहीच गाळत नसे. शिकला तो तसाच. पुढं सगळं कळायला लागलं आणि वाचायचं राहून गेलं.

"इम्पोर्ट…" त्यानं सुरुवात केली. "कुड नॉट बी रिझॉल्व्ड."

"मराठीत सांग."

"सापडत नाही."

"आणि मघाशी तू काय म्हणालास?"

"…नाही, म्हणालो."

"ते बिचारं सापडत नाही म्हणतंय. खोटं कुठं बोललं?"

अभिनंदननं पडद्याकडं पाहिलं.

"शोधतंय कुठं ते?" अण्णांनी विचारलं.

बंगळूरच्या त्या पाच माणसांनी हा प्रश्न त्याला कधी विचारला नव्हता.

"तळाला, उजव्या कोपऱ्यात बघ. पायथनच्या आवृत्तीचा आकडा असेल."

"आहे. तीन पॉइंट बारा."

"आणि सामान टाकतोस त्या काळ्या खिडकीत कुठला आहे?"

अभिनंदननं बघितलं. मग पुन्हा बघितलं.

"तीन पॉइंट आठ."

"एका लॅपटॉपवर दोन पायथन आले कुठून?"

"आठ तुमचा. बारा मी टाकला परवा. तुमचा फार जुना होता, म्हटलं…"

"म्हणजे सामान जुन्या घरी पोचवलंस आणि नव्या घराच्या दारात उभा राहून विचारतोयस."

अभिनंदननं कोपऱ्यातल्या आकड्यावर टिचकी मारली. यादी उघडली. त्यानं जुना निवडला.

थोडा वेळ काही झालं नाही. मग रेघा एकेक करून पुसल्या गेल्या.

"काखेत कळसा," तो म्हणाला. खूप वेळानं त्याचा जीव भांड्यात पडला होता. "अण्णा, तुमचे उपकार कसे…"

"किती राहिल्या?"

"काय?"

"रेघा."

त्यानं मोजल्या. "…एक."

"कुठल्या नावाखाली?"

"ठिपके."

अण्णा जरा पुढं सरकले.

"पण हे बाहेरून आणलेलं नाही, अण्णा. हे शाळेतलंच. तुमचंच आहे ना?"

"माझं नाही."

"मग?"

"वरून वाच," अण्णा म्हणाले. "अगदी पहिल्या ओळीपासून."

अभिनंदननं घड्याळ बघितलं. छापायलाच तीन तास लागणार होते. पण वाद घालायला त्याच्याकडं आता काही उरलं नव्हतं. तो वाचू लागला.

"लेखक, अभिनंदन चौगुले."

अण्णांचे हात गुडघ्यांवर होते. तसेच राहिले.

"पुढं."

त्यानं पहिलं इम्पोर्ट वाचलं. फाईल उघडून तिच्यातला मजकूर काढून देणारं.

अण्णांनी हात जोडले. मग खाली ठेवले.

दुसरं, अक्षरं सुटी करणारं. अण्णांनी पुन्हा हात जोडले.

अभिनंदनला वाटलं, बोटं अवघडली असतील. त्यानं तिसरं वाचलं आणि थांबून बघितलं. हात पुन्हा जोडलेले होते.

"कुणाला नमस्कार करताय, अण्णा?"

"माहीत नाही. कधी भेटले नाहीत."

अभिनंदननं ते तिसरं नाव पुन्हा बघितलं.

"हे गणिताची चिन्हं ओळखणारं कुणी केलं, तुला ठाऊक आहे?"

"नाही."

"किती महिने लागले असतील?"

"वर्षं लागली असतील." अभिनंदननं थोडा विचार केला. "बरीच माणसं असतील. कुठं कुठं बसून केलेलं असतं. आपण त्यांना काही देत नाही, अण्णा. तसंच मिळतं ते सगळ्यांना."

"म्हणून," अण्णा म्हणाले.

चौथं नाव अभिनंदननं सावकाश वाचलं. पाचवं आणखी सावकाश. ही नावं त्यानं आजवर हजार वेळा लिहिली होती. त्यांच्यामागं माणसं असतील हे त्याला माहीत होतं, पण जाणवलं ते त्या दुपारी, एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या पुढं बसून.

मग सहावं.

"ठिपके."

अण्णांनी हात जोडले. या वेळी खाली ठेवले नाहीत.

"हिला मात्र भेटलोय," ते म्हणाले.

"कुणाला?"

"वत्सला हुजरे. तू कॉलेजला गेलास त्या वर्षी आली होती. तिलाही दिसत नाही. मराठीतलं एकेक जोडाक्षर ब्रेलमध्ये कसं यायला पाहिजे, ते तिनं बसवलं. दोन वर्षं, इथंच, या जमिनीवर बसून. कागद छापायची, बोटानं वाचायची. चुकलेला ठिपका नखानं खरवडून टाकायची आणि परत बसायची. एकट्या 'र'नं तिला तीन महिने रडवलं."

"आता कुठं असतात त्या?"

"इचलकरंजीला. बँकेत फोनवर असते. दिवाळीला येते."

"मला कधी कुणी सांगितलं नाही."

"प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं होतं."

अभिनंदनचा हात कीबोर्डवर थांबला.

"तिचं काम तिच्याच फोल्डरमध्ये आहे," अण्णा म्हणाले. "माझ्या प्रोग्रॅमच्या वर एक ओळ होती. तिथं जाऊन बघ, असं सांगणारी."

"…तुमचा प्रोग्रॅम उतरवून घेताना ती मी काढली."

"का?"

"वेडीवाकडी वाटली. एवढा लांबलचक पत्ता. आजकाल असं कुणी लिहीत नाही. म्हटलं, जुना कचरा असेल. शेवटी काहीतरी शेराही होता."

"काय होता?"

"वाचला नाही, अण्णा."

अण्णांनी नुसती मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं, असं अभिनंदनला वाटलं.

बाहेर मैदानात मुली घुंगरू घातलेल्या चेंडूनं खेळत होत्या. चेंडू लांब गेला की सगळ्या थांबत, आवाज कुठून येतोय ते ऐकत आणि मग त्या बाजूला धावत.

जुना प्रोग्रॅम लॅपटॉपवर होताच. अभिनंदननं तो उघडला. न सांगता वरपासून वाचू लागला, मोठ्यानं. तिरप्या रेघा, टिंबं, कंस, सगळं. लांबलचक पत्ता आला. तो त्यानं पुरता वाचला. मग शेरा आला.

"वत्सलाचं काम इथं आहे. हलवू नये."

त्यानं ती ओळ उचलली आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये जिथल्या तिथं ठेवली.

शेवटची रेघ गेली.

त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त बरं वाटलं. हे दोन्ही एकदम वाटू शकतं, हे त्याला माहीत नव्हतं.

चार वाजून दहा मिनिटांनी ब्रेल छापायचं यंत्र खडखडायला लागलं. जाड कागद हळूहळू बाहेर येत होता. पहिलं पान फाडून अभिनंदननं अण्णांच्या हातात दिलं.

अण्णांचं बोट ओळीवरून चाललं. दुसऱ्या प्रश्नावर थांबलं, मागं आलं, पुन्हा तिथंच गेलं.

अभिनंदन त्या बोटाकडं बघत होता.

"वर्गमूळ का हे?"

"हो."

"आणि त्याच्या पोटात अपूर्णांक."

"हो, अण्णा… चुकलंय का?"

"नाही." अण्णांनी बोट आणखी एकदा फिरवलं. "हे वत्सलाला जमलं नव्हतं. मलाही नाही. तीस वर्षं पोरींना दुसऱ्याच्या तोंडून गणित ऐकावं लागलं. हे तू केलंस, बाबा."

अभिनंदन खाली वाकला. त्यानं अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं आणि काही वेळ उचललं नाही. अण्णांनीही घाई केली नाही. त्याच्या पाठीवर त्यांचा हात होता.

उठून तो लॅपटॉपपाशी जाऊन बसला. यंत्र दुसरं पान काढत होतं.

अण्णांना बटणांचा आवाज आला. एकच बटण, पुन्हा पुन्हा.

"काय पुसतोयस?"

"काही नाही."

"वाचून दाखव."

"…माझं नाव, अण्णा. वर लिहिलेलं. एवढ्या माणसांचं काम आणि डोक्यावर मी. बरं दिसत नाही."

अण्णांनी हात पुढं केला. चाचपडत त्याच्या मनगटापर्यंत आणला आणि मनगट धरलं.

यंत्र खडखडत राहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "उद्या काही चुकलं, तर पोरींनी शोधायचं कुणाला?"